सॉफ्टवेअरची वेबसाइट बांधताना वाघाचा पत्ता तर बाहेर जात नाही ना?

वन्यजीवांवर पीएच.डी. म्हणजे वर्षभर जंगलात फिरणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात काही महिने जंगल आणि उरलेले महिने संगणक, असा हिशेब असतो. ट्रॅप कॅमेऱ्यांच्या फोटोंवरून आकडेमोड करायला आपण छोटे छोटे प्रोग्रॅम लिहितो. ते साठत जातात. मग कधीतरी गाइड सांगतात, याचं नीट पॅकेज कर आणि त्याची वेबसाइट कर, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला वापरता येईल.

आजचा लेख या शेवटच्या कामाबद्दल आहे. अशी वेबसाइट कशी बांधतात, जगाला दाखवण्याआधी आपल्याच संगणकावर ती कशी बघतात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत काम करत असाल तर हे बघणं मनावर का घ्यायचं, ते सांगतो.

एक सूचना आधीच. आज्ञांची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायची.

आधी थोडं वाघांबद्दल

वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात, दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. उल्हास कारंथ यांनी १९९५ मध्ये नागरहोळेच्या अभ्यासातून दाखवून दिलं, की कॅमेऱ्यात आलेले वाघ पट्ट्यांवरून ओळखायचे, कोणता वाघ किती वेळा 'सापडला' ते मोजायचं आणि त्यावरून न सापडलेल्यांचाही अंदाज बांधायचा. पुढे या पद्धतीत जागेची भर पडली. कोणता वाघ कोणत्या कॅमेऱ्यावर आला, हे धरून घनता काढायची. मरे एफर्ड यांचं 'एसईसीआर' हे आर भाषेतलं पॅकेज यासाठीच आहे.

या पद्धतीत कॅमेऱ्याची जागा वगळून चालत नाही. आकडेमोडीचा पायाच अक्षांश-रेखांश आहे.

आता प्रमाण बघा. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि ३,४८,५८,६२३ फोटो मिळाले. त्यातले वाघांचे ७६,६५१. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज आला. ताडोबा-अंधारीचं क्षेत्र गाभा आणि बफर मिळून साधारण १,७२७ चौरस किलोमीटर आहे, पण वाघ त्या रेषेत राहत नाहीत. ब्रह्मपुरी वनविभागात ते शेताच्या कडेला आहेत, वैनगंगा ओलांडून गडचिरोलीच्या वडसा भागातही आहेत. तिथे ना जिप्सी फिरतात, ना गेटवर नोंद होते. अशा ठिकाणच्या वाघाची नेमकी जागा ही किती जपायची माहिती आहे, हे वेगळं सांगायला नको.

स्टॅटिक जनरेटर म्हणजे काय?

खानावळीत तुम्ही जाऊन बसता, ऑर्डर देता, मग आत ताट वाढलं जातं. वर्डप्रेससारख्या वेबसाइट तशा चालतात. वाचक आला, की सर्व्हर डेटाबेसमधून मजकूर काढतो, पान तयार करतो आणि पाठवतो. प्रत्येक वाचकासाठी आत कुणीतरी काम करत असतं.

स्टॅटिक वेबसाइट म्हणजे सकाळी भरून ठेवलेला डबा. सगळी पानं आधीच तयार असतात. सर्व्हरने फक्त डबा पुढे सरकवायचा. हे डबे भरणारा प्रोग्रॅम म्हणजे स्टॅटिक साइट जनरेटर. तुम्ही साध्या मार्कडाउन फायलींत मजकूर लिहिता, जनरेटर त्यांना मेन्यू, रंग, दुवे लावून एचटीएमएल पानांचा एक फोल्डर बनवतो. जेकिल आणि ह्यूगो ही सर्वसाधारण जनरेटरची नावं तुम्ही ऐकली असतील. आर भाषेतल्या पॅकेजसाठी खास 'पीकेजीडाउन' आहे, आणि या लेखात मी तेच वापरणार आहे.

आपल्या भागात याचा मोठा फायदा आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि नेटचं तर विचारूच नका. स्टॅटिक वेबसाइटचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून नेता येतो आणि नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडतो. दुसरं म्हणजे, फेलोशिप संपल्यावर सर्व्हरचं भाडं भरायला आणि अपडेट करायला कुणी नसतं. स्टॅटिक फोल्डरला ती देखभाल लागत नाही. गिटहबवर तो फुकट ठेवता येतो.

बांधणी

पीकेजीडाउनची मुख्य आज्ञा एकच, 'बिल्ड_साइट'. ती दिली की प्रोग्रॅम तुमच्या पॅकेजच्या फोल्डरमधून फिरतो आणि मुख्यतः चार गोष्टी गोळा करतो.

पहिली, रीडमी फाइल. तिचं मुखपृष्ठ होतं. दुसरी, प्रत्येक फंक्शनची मदतीची पानं. तिसरी, 'व्हिन्येट्स' फोल्डरमधले सविस्तर लेख, म्हणजे पॅकेज वापरून एखादं पूर्ण उदाहरण कसं सोडवायचं त्याचं टिपण. चौथी, 'न्यूज' ही बदलांची नोंद. हे सगळं मिळून 'डॉक्स' नावाचा फोल्डर तयार होतो. हीच तुमची वेबसाइट.

मेन्यूत काय असावं, लेख कोणत्या क्रमाने यावेत, हे एका छोट्या सेटिंग फायलीत लिहायचं. सुरुवातीला तीही जवळपास रिकामी ठेवली तरी चालते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पीकेजीडाउन मजकूर नुसता सजवत नाही, तो कोड चालवतो. मदतीच्या पानात तुम्ही 'उदाहरण' म्हणून चार ओळी लिहिल्या असतील, तर बांधणीच्या वेळी त्या चालतात आणि त्यांचं उत्तर पानावर छापलं जातं. वाचकासाठी हे फार छान आहे, कारण उदाहरण आणि उत्तर शेजारी शेजारी दिसतं. पण ते उत्तर तुम्ही हाताने लिहिलेलं नसतं. ते आपोआप येतं, आणि आपोआप आलेल्या गोष्टी माणूस नीट वाचत नाही.

आपल्याच संगणकावर बघणं

बांधून झालेली वेबसाइट दोन तऱ्हांनी बघता येते.

पहिली सोपी. 'प्रिव्ह्यू_साइट' ही आज्ञा द्या, किंवा डॉक्स फोल्डरमधली इंडेक्स फाइल थेट ब्राउझरमध्ये उघडा. पानं दिसतील, दुवे चालतील. पेन ड्राइव्हवरून उघडणाऱ्या माणसाला अगदी हेच दिसणार आहे. मात्र वरचा शोध-चौकोन असा उघडल्यावर चालत नाही. थेट उघडलेल्या पानाला शेजारची शोधसूचीची फाइल वाचायला ब्राउझर परवानगी देत नाही. तो बिघाड समजून डोकं खाजवत बसू नका.

दुसरी तऱ्हा म्हणजे स्वतःच्याच संगणकावर छोटा सर्व्हर चालवणं. आरमध्ये 'सर्व्ह-आर' नावाचं पॅकेज आहे, त्याला डॉक्स फोल्डर दाखवला की ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ असा पत्ता उघडतो. हा पत्ता म्हणजे 'मी स्वतः', म्हणजे हे पान बाहेर कुणाला दिसत नाही. आता शोधही चालतो. गिटहबवर टाकल्यानंतर जे दिसणार, त्याच्या हे जवळचं आहे.

दोन्ही तऱ्हा करा. पहिली गावातल्या वाचकासाठी, दुसरी नेटवरच्या वाचकासाठी. पहिल्या तऱ्हेने बघताना वायफाय बंद करा. एखादा फॉन्ट किंवा चित्र बाहेरच्या सर्व्हरवरून येत असेल तर ते तेव्हाच कळेल. मराठीत पान लिहिलं असेल तर जोडाक्षरं तुटतायत का, तेही याच वेळी बघून घ्या.

बहुतेक मार्गदर्शक लेख इथे संपतात. पान सुंदर दिसतंय ना? झालं, प्रकाशित करा! पण आपला विषय वाघ असेल तर अर्धंच काम झालंय. पानावर काय दिसतं हे पाहिलं. पानाच्या फायलीत काय आहे हे अजून पाहिलं नाही.

जागा कुठून कुठून बाहेर पडते?

१. उदाहरणांचं उत्तर. तुम्ही लिहिलं, कॅमेऱ्यांच्या तक्त्याच्या पहिल्या सहा ओळी दाखव. कोडच्या त्या ओळीत काहीच गोपनीय नाही. बांधणीत मात्र सहा खऱ्या कॅमेऱ्यांचे अक्षांश-रेखांश पानावर छापले जातात.

२. इकडे तिकडे पडलेल्या मार्कडाउन फायली. पॅकेजच्या मुख्य फोल्डरमध्ये रीडमीशेजारी दुसरी मार्कडाउन फाइल ठेवली असेल, तर पीकेजीडाउन तिचंही पान बनवतो. मेन्यूत ते येत नाही, म्हणून प्रिव्ह्यू बघताना तुमच्या डोळ्यांसमोरही येत नाही. फील्डच्या टिपणांची फाइल तिथे राहिली, तर 'अमुक नाल्याच्या वळणावर कॅमेरा १४' हे वाक्य जगाला उपलब्ध.

३. यादीत न दिसणारे लेख. सेटिंग फायलीत एखादा लेख 'अंतर्गत' म्हणून टाकता येतो. नावावरून वाटतं, की तो लपला. तो फक्त यादीतून जातो, पान मात्र बनतंच. मेन्यूत नसणं आणि वेबसाइटवर नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४. हलते नकाशे. लीफलेटचा नकाशा लेखात टाकला आणि फार जवळ जाता येणार नाही असा झूम अडवला, तरी सगळे बिंदू पानाच्या एचटीएमएलमध्ये पूर्ण दशांशांसह लिहिलेले असतात. ब्राउझरमध्ये 'पेज सोर्स' बघणाऱ्या कुणालाही ते मिळतात.

५. फोटो. मोबाइलवर काढलेल्या फोटोत लोकेशन चालू असेल तर जीपीएसची नोंद फोटोच्या आत असते. फोटो जसाच्या तसा फोल्डरमध्ये जातो, नोंदीसकट. ट्रॅप कॅमेऱ्याच्या फोटोखालच्या पट्टीवर स्टेशनचं नाव असतं, ते वेगळंच.

६. जुनी पानं. तुम्ही एखादा लेख काढून टाकलात आणि पुन्हा बांधणी केली, तरी डॉक्समधलं त्याचं जुनं पान आपोआप पुसलं जात नाही. त्यासाठी 'क्लीन_साइट' ही वेगळी आज्ञा आहे. आणि डॉक्स फोल्डर गिटमध्ये ठेवत असाल, तर पुसलेलं पानही इतिहासात शिल्लक राहतं. एकदा बाहेर गेलेली जागा परत आणण्याची खात्रीची आज्ञा नाही.

दोन दशांश ठेवले तर?

हा प्रश्न नेहमी येतो. हिशेब करू. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. चार दशांश ठेवले तर जागा सुमारे ११ मीटरपर्यंत कळते, म्हणजे झाडच दाखवल्यासारखं. दोन दशांश ठेवले तर सुमारे १.१ किलोमीटर. ऐकायला बरं वाटतं.

पण जंगल सगळीकडे सारखं नसतं. मे महिन्यात त्या किलोमीटरभराच्या टप्प्यात पाणी असलेली जागा एकच असेल तर? जंगल ओळखणाऱ्या माणसाला पुढचे दशांश लागत नाहीत, त्याला पाणवठा माहीत असतो. आकडा गोल केल्याने संगणकावरचा अनोळखी माणूस अडतो, जंगलातला माहितगार अडत नाही. आणि आपल्याला भीती माहितगाराचीच आहे.

ही भीती हवेतली नाही. २०१३ मध्ये पन्नातल्या एका वाघाच्या जीपीएस पट्ट्याची माहिती ज्या ई-मेल खात्यावर यायची, त्यात शिरण्याचा प्रयत्न झाला होता. तो पुण्याहून झाल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. प्रयत्न फसला, पण रस्ता दिसला. आपल्याकडे २०२३ च्या जुलैत गडचिरोलीत वाघांची शिकार करणारी टोळी पकडली गेली, आणि २०२५ च्या जानेवारीत राजुऱ्यात अशाच प्रकरणी अटक झाली. या दोन प्रकरणांचा कुठल्या वेबसाइटशी संबंध होता असं मी म्हणत नाही. मुद्दा इतकाच, की आपल्या जिल्ह्यांत वाघांच्या मागावर असलेले लोक आहेत.

शिवाय ट्रॅप कॅमेऱ्यात फक्त वाघ येत नाहीत. मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया, तेंदूपत्त्याच्या हंगामातली कुटुंबं, सरपण आणणारी पोरंही येतात. कॉर्बेट परिसरातल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅमेऱ्यांमुळे जंगलात जाणाऱ्या बायांचं वागणं कसं बदललं आणि त्यांच्या फोटोंचा गैरवापर कसा झाला, हे मांडलं आहे. तुमच्या वेबसाइटवरचा 'नमुना फोटो' कुणाचा आहे, हेही बघा.

मग करायचं काय?

वेबसाइटच करू नये, हा उपाय नव्हे. आपण आकडा कसा काढला हे कुणाला तपासता येत नसेल, तर त्या आकड्यावर विश्वास कशाला ठेवायचा? पद्धत उघडी हवी आणि जागा बंद हवी. हे दोन्ही एकत्र जमतं.

पॅकेजमध्ये खरा डेटा ठेवूच नका. खोटा डेटा बनवा. एसईसीआरमध्ये त्याची सोय आहे. काल्पनिक कॅमेऱ्यांची जाळी आखायची, काल्पनिक वाघ सोडायचे, कोणता वाघ कुठे 'सापडला' ते संगणकाकडून काढून घ्यायचं. समजा ८ बाय ८ ची जाळी, दोन कॅमेऱ्यांत दीड किलोमीटर अंतर, सुरुवातीचा बिंदू शून्य-शून्य. असा डेटा पृथ्वीवर कुठलाच नसतो, म्हणून तो सांडला तरी काही बिघडत नाही. उलट शिकणाऱ्याचा फायदाच होतो. किती वाघ सोडले होते हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे पद्धत किती जवळ पोचली हे त्याला पडताळता येतं. खऱ्या डेटात हे कधीच शक्य नाही.

खरा डेटा पॅकेजच्या बाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये, गिटच्या आवाक्याबाहेर. ज्याला लागेल त्याने वनविभागाकडे रीतसर मागावा.

आणि दर वेळी प्रकाशित करण्याआधी हा क्रम पाळा:

— 'क्लीन_साइट' देऊन जुनं सगळं पुसा, मग 'बिल्ड_साइट'.

— डॉक्स फोल्डरमधल्या सगळ्या फायलींची यादी काढा आणि वरपासून खालपर्यंत वाचा. मेन्यूवर विसंबू नका. ओळखीचं नसलेलं प्रत्येक पान उघडा.

— संपूर्ण फोल्डरमध्ये आकडे शोधा, इंग्रजी अंकांत. ताडोबा परिसरासाठी '२०.' आणि '७९.' ने सुरू होणारे दशांश. पण एवढ्यावर थांबू नका. एसईसीआरसाठी आपण जागा मीटरमध्ये बदलतो, आणि तेव्हा अंशांचे आकडे दिसतच नाहीत. ताडोबाच्या भागात पूर्वेचा आकडा सहा अंकी आणि ३ ने सुरू होणारा, उत्तरेचा सात अंकी आणि २२ ने सुरू होणारा असतो. तेही शोधा. गडचिरोलीत काम असेल तर आपल्या भागाचे आकडे आधी काढून ठेवा.

— नाल्यांची, पाणवठ्यांची, बीटची नावं शोधा. वेबसाइटची शोधसूची इथे उपयोगी पडते. तिच्यात पानांचा मजकूर एकत्र असतो, म्हणून ती एक फाइल चाळली की बराचसा भाग चाळून होतो. वाचकाला वाघ शोधून देणारं हत्यार आपणच आधी चालवून बघायचं.

— फोटोंच्या आतली नोंद पुसून मगच ते फोल्डरमध्ये टाका.

— शेवटी, फील्डवर काम केलेल्या एखाद्या माणसाला प्रिव्ह्यू दाखवा. वनरक्षक असेल तर उत्तमच. "यावरून जागा ओळखू येते का?" एवढंच विचारा. तुम्हाला नुसती दरी दिसते त्या फोटोत त्याला नेमकं वळण दिसतं.

गिटहबवर असं सेट करता येतं, की कोड पाठवला की वेबसाइट आपोआप बांधली जाऊन प्रकाशित होते. सोय चांगली आहे, मीही वापरतो. पण तिथे बांधणी आणि प्रकाशन यांच्यामध्ये माणूस नसतो. म्हणून वरची तपासणी कोड पाठवण्याच्या आधी, आपल्याच संगणकावर, १२७.०.०.१ वर. तो पत्ता फक्त तुम्हाला दिसतो आणि तिथे सापडलेली चूक फुकटात दुरुस्त होते.

तुमच्या पॅकेजची वेबसाइट आधीच बांधलेली असेल तर आज एकच करा. डॉक्स फोल्डर उघडा आणि त्यातल्या फायली मोजा. मग मेन्यूतली पानं मोजा. दोन आकडे जुळणार नाहीत, आणि शोध त्या फरकापासून सुरू करायचा आहे.

पुढच्या लेखात खोट्या वाघांचा डेटा टप्प्याटप्प्याने बनवून बघू. तोपर्यंत काही अडलं तर जरूर विचारा, फक्त प्रश्नासोबत खऱ्या कॅमेऱ्यांचा तक्ता पाठवू नका!